काळा कुडा

फुलापाशी पोचलं की आमच्या गल्लीतले ते वडीलधारे शेजारी आधी छत्री उघडून त्यावर सावली धरायचे. मग आपल्या इंदुरी बोलीत म्हणायचे, "पहले उजेड बघा भिया, फिर फूल." कडक उन्हात रंग खोटं बोलतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

ते इंदूरच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. नमुन्याची चिंधी आणि नवं कापड खिडकीतल्या उजेडात शेजारी धरायचं आणि रंग जुळला का ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मान डोलावल्याशिवाय माल पुढं जात नसे. मग एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. आधी कुणी काही सांगितलं नाही, नंतरही नाही. पन्नाशीच्या माणसाकडे उरली ती नजर, आणि बाजारात तिला कुणी विचारत नव्हतं.

त्यानंतर फाल्गुन-चैत्रातल्या रविवारी ते आम्हा चौघांना महूजवळच्या डोंगरावर न्यायला लागले. आम्ही तिघं गल्लीतले, चौथे त्यांचे मिलमधले जुने सोबती. तुम्ही-आम्ही फूल बघून 'वा' म्हणतो आणि डबा उघडतो. ते मात्र धायटीच्या एका झुडपापाशी पाऊण तास थांबवत. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, पण त्यांनी दाखवल्यावर त्याच लाल रंगात चार वेगळे लाल दिसायचे आणि आमची तोंडं बंद व्हायची.

वाटेत पांढऱ्या फुलांचं एक झाड होतं. दोन वर्षं ते सांगत आले, हा पांढरा कुडा. तिसऱ्या वर्षी लाकडं गोळा करणाऱ्या एका म्हातारीनं त्यांना थांबवलं. तिनं जुनी जोडशेंग काढून दाखवली. दोन्ही शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली होती. हा काळा कुडा, ती म्हणाली, याच्या पानांतून निळा रंग निघतो. जन्मभर रंगात हात घातलेला हा माणूस ती शेंग मुठीत धरूनच डोंगर उतरला.

दुसऱ्या दिवशी ती शेंग घेऊन ते माझ्या दारात उभे. "माझं चुकलं. तुम्हाला गलत नाव सांगितलं." खरं सांगायचं तर मी ते नाव केव्हाच विसरलो होतो. तिथून ते उरलेल्या दोघांकडे गेले. सोबती तोवर मुलाकडे इंदूरबाहेर हातोद गावी राहायला गेले होते. पत्र टाका, मी म्हटलं. ते थेट बसथांब्याकडे निघाले. मीही बसमध्ये चढलो.

सोबत्यांना अर्धांगवायू झाला होता. यांनी त्यांच्या चालत्या हातात शेंग दिली, टोकांवरून बोट फिरवायला लावलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. सोबती अडखळत म्हणाले, "इत्त्या दूर... बस इसके लिए?"

"सांगायला यायला पाहिजे ना भिया," ते म्हणाले. "अपने को तो कोई बताने नहीं आया."

सोबती रडायला लागले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. एवढा मोठा माणूस मी तोवर जवळून पाहिला नव्हता.

आता ते नाहीत. चैत्रात मी एकटाच डोंगर चढतो. त्या झाडाखाली पोचलो की त्याचं खरं नाव मोठ्यानं घेतो, झाडाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.