उमरेडकडचं शून्य

संख्याशास्त्र मी हौसेनं घेतलं नव्हतं. कॉलेजात गणितासोबत आणखी एक विषय निवडायचा होता. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेवर टिनाचं छप्पर होतं आणि संख्याशास्त्राच्या वर्गात पंखा होता. नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला याहून जास्त कारण सांगावं लागत नाही. धरमपेठेतल्या आमच्या घरी हा विषय नेमका काय असतो ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील पाहुण्यांना सांगत, "गणिताचंच काहीतरी आहे, पण बारीक."

त्या बारीक गणितावर मला जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात नोकरी लागली. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. काम माता आणि बालकांच्या आकड्यांचं. गावोगावच्या केंद्रांतून दर महिन्याला तक्ते यायचे. किती बाया गरोदर, किती बाळंत झाल्या, किती बाळं जगली, वर्षाच्या आत किती गेली, बाळंतपणात किती माता गेल्या, असे रकाने. मी ते हातानं फिरवायच्या बेरजेच्या यंत्रावर मिळवायचे. यंत्राचा आवाज शेवया करायच्या साच्यासारखा येई आणि दुपारी जेवणानंतर तो ऐकता ऐकता आमचे बडे बाबू खुर्चीतच डुलकी काढत.

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. आकड्यांवर त्यांचा राग नव्हता, पण जिव्हाळाही नव्हता. एकदा एका केंद्राचे रकाने लिहिताना एका घरानं सरकले आणि नसबंदी करून घेतलेले सगळे पुरुष गरोदर ठरले. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले तर ते शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या ना बाई. वर कोण वाचून राहिलं?"

मी वाचत होते. पंख्याखाली बसून शिकलेल्या पोरीला दुसरं काय येणार? सावनेरकडचा तक्ता कायम उशिरा येई. एका केंद्रातून येणाऱ्या कागदाला कापराचा वास असे. आणि उमरेडच्या पुढे एक उपकेंद्र होतं, तिथून येणारं अक्षर गोल, टपोरं, एकही खाडाखोड नसलेलं. त्या कागदावर वर्षाच्या आत गेलेल्या बाळांच्या रकान्यात दर महिन्याला शून्य असे. मातांच्याही रकान्यात शून्य.

आमच्या साहेबांना ते शून्य फार आवडलं. साहेब म्हणजे विभागाचे अधिकारी, उंच, किडकिडीत, स्वभावानं सज्जन माणूस. दिवाळी झाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"त्या नर्सबाईला आपण प्रशस्तिपत्र देऊ," ते म्हणाले. "पण नुसतं कसं द्यायचं? तुम्ही जाऊन या. त्या नेमकं काय करतात ते दोन पानं लिहून आणा. इतर केंद्रांना पाठवू."

मला कार्यालयाबाहेर पडायची संधी हवीच होती. आईनं दोन दिवसांचा डबा दिला, वडील एस.टी. स्टँडवर सोडायला आले आणि जणू मी परदेशी निघाले आहे अशा चेहऱ्यानं खिडकीखाली उभे राहिले. उमरेडला गाडी बदलली. पुढची गाडी इतकी भरली होती की माझ्या मांडीवर एका बाईनं विचारल्याशिवाय आपली टोपली ठेवली आणि उतरताना "येतो वं बाई" म्हणून निरोपही घेतला.

नर्सबाई थांब्यावरच उभ्या होत्या. पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, अंगानं भरलेल्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. माझ्याकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या आकडेवाल्या बाई? मले वाटलं, कोणी म्हातारा माणूस येते."

दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं. एका खोलीत त्या राहत, दुसरीत तपासायचं टेबल आणि कपाट. त्यांनी मला आधी वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर खाऊ घातली. भाजीवर इतकं लाल तेल होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मी वही उघडली आणि शहाण्यासारखं विचारलं, की तुमच्या भागात एकही बाळ दगावत नाही, त्यासाठी तुम्ही काय काय करता?

 त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"कोणी सांगितलं दगावत नाही म्हणून?"

"तुम्हीच लिहिता. शून्य."

"शून्य तर लिहाच लागते," त्या म्हणाल्या. "आधीच्या गावी होती तेव्हा मी एकदा एक लिहिला. तर तीन प्रतीत फॉर्म आला. मृत्यू काहून झाला, तुम्ही कुठी होत्या, इलाज काहून नाही केला. मग मेमो. मग साहेब जीप घेऊन आले. त्या चार दिवसांत दोन बाळंतपणं माझ्याविना झाली. तेव्हापासून शून्य. शून्य लिहिलं की कोणी विचारत नाही."

मी पेन खाली ठेवलं. प्रशस्तिपत्राची दोन पानं तिथंच संपली होती. मी विचारलं, "मग खरं किती, ते कोणालाच माहीत नाही?"

"मले माहीत आहे ना."

त्यांनी कपाटातल्या कापसाच्या गठ्ठ्यामागून शाळेच्या मुलांच्या असतात तसल्या वह्या काढल्या. आत तेच गोल, टपोरं अक्षर. प्रत्येक पानावर एक घर. आईचं वय, कितवं बाळंतपण, कोणी केलं, बाळ रडलं की नाही, दूध ओढलं की नाही, आणि पुढे काय झालं ते. जे गेलं त्याचा दिवस लिहिलेला, कसं गेलं तेही. मी सरकारी तक्त्यांची पोती उपसली होती, पण इतकी चांगली माहिती मी तोवर पाहिली नव्हती.

"हे कशाला ठेवता मग? कोणाला दाखवायचं नाही तर?"

"कोणाले दाखवाले थोडीच ठेवते? पुढच्या खेपेले कोणाच्या घरी आधी पोचायचं ते समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला विणकरांच्या वस्तीत घेऊन गेल्या. घराघरांतून मागाचा खटखट आवाज येत होता. एका ओसरीवर माझ्याच वयाची बाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. पुन्हा दिवस गेले होते. मी माझ्या पद्धतीनं विचारलं, "मुलं किती?"

"एक," ती म्हणाली. अंगणात एक पोर धुळीत खेळत होतं.

"तीन म्हण वं," नर्सबाई म्हणाल्या.

तिचा हात थांबला. "ते दोघं तर बारशाच्या आधीच गेले, बाई. नावच नाही ठेवलं. त्यांले कायले मोजता?"

"आम्ही मोजतो," मी म्हणाले. खरं म्हणजे आम्ही मोजत नव्हतो. पण ते तोंडातून निघून गेलं.

ती कांडी बाजूला ठेवून आपणहून सांगू लागली. पहिला मुलगा होता, चांगला वजनदार. सहाव्या दिवसापर्यंत दूध प्यायला, सातव्याला जबडा मिटला. मग अंग ताठ झालं. दुसरी मुलगी, तिचंही तसंच, एका दिवसाच्या फरकानं. नाळ कशानं बांधली होती असं नर्सबाईंनी विचारलं तेव्हा तिनं शेजारच्या मागाकडे बोट केलं. हातापाशी असलेला सुताचा धागा. सगळ्यांचीच तशी बांधतात, ती म्हणाली. तिच्या सासूनं आतून चहा आणला. आम्ही निघालो तेव्हा ती बाई दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "पोराचं लिहाल तर गोरा होता असं लिहा."

तिसरं पोर कसं वाचलं, असं मी वाटेत विचारलं. त्या वेळी नर्सबाई स्वतः हजर होत्या, एवढंच उत्तर मिळालं.

त्या दुपारी मी उपकेंद्रात बसून चौकटीच्या कागदावर सगळ्या वह्यांमधली गेलेली बाळं दिवसाप्रमाणे मांडली. कॉलेजात शिकलेली साधी गोष्ट होती ती. पहिल्या दिवशी काही, दुसऱ्याला थोडी, मग सातव्या-आठव्या दिवसाला खुणांची नुसती दाटी. धनुर्वात. शिकलेली नर्स असो नसो, कोणालाही दिसलं असतं.

"मले ठाऊकच आहे," नर्सबाई कागद पाहून म्हणाल्या. "गरोदर बाईले सुई दिली तर बाळाले होत नाही. मी दोन वेळा सुया मागवल्या. आल्याच नाही."

त्या का आल्या नाहीत ते मला ठाऊक होतं. धनुर्वाताच्या लशीचा साठा आमच्याकडे थोडा येई. जिथे बाळं जास्त दगावतात तिथे तो आधी जाई. ती वाटपाची यादी मीच करत होते. तक्ते पुढ्यात ठेवून, वरून खाली, मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत. उमरेडकडचं हे उपकेंद्र दर खेपेला अगदी तळाशी असायचं. शून्याला लस कशाला, असं मलाही वाटलं होतं.

मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी वही मिटली. "म्हणजे माह्या शून्यानंच माह्या सुया खाल्ल्या," त्या हळूच म्हणाल्या.

वह्या माझ्याबरोबर न्यायला त्या तयार नव्हत्या. मेमोची भीती होतीच, पण जास्त भीती अशी की वह्या परत आल्या नाहीत तर पुढच्या बाळंतपणाला काय बघायचं? शेवटी मी एक दिवस जास्त राहिले आणि सगळं उतरवून घेतलं. घरी तार करायची राहिली. परतले तेव्हा वडील एस.टी. स्टँडवरच बसलेले सापडले, हातात दोन दिवसांची वर्तमानपत्रं.

साहेबांसमोर मी चौकटीचा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. नर्सबाईंना मेमो द्यायचा नाही एवढं वचन आधी मागितलं. माझी नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. साहेबांनी कागद खूप वेळ पाहिला.

"हे एकाच केंद्राचं आहे की सगळ्यांचंच?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्यांच्या वह्या मी पाहिल्या नाहीत, सर."

"वह्या असतील तर ना," ते म्हणाले आणि त्यांनी बडे बाबूंना हाक मारली. तो तीन प्रतींचा फॉर्म बंद करायचा होता. बडे बाबूंनी फॉर्म बंद करता येत नाही, वरून आला आहे, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग छापील फॉर्म संपले असं कळवा." बडे बाबूंना ही भाषा लगेच समजली. फॉर्म खरोखरच पुष्कळ काळ संपलेले राहिले.

लस त्याच आठवड्यात गेली. मग साहेबांनी सगळ्या नर्सबाईंची बैठक बोलावली आणि उमरेडकडच्या बाईंना बोलायला उभं केलं. त्यांनी नाळ बांधायचा धागा कसा उकळायचा, ती कापायचं पातं कसं उकळायचं ते स्टोव्ह पेटवून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "जे झालं ते लिहा. आता कोणी जीप घेऊन येणार नाही, साहेबांनी सांगितलं आहे." सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

विणकर वस्तीतली ती बाई उन्हाळ्यात बाळंत झाली. मुलगी झाली आणि वाचली. नर्सबाईंनी पोस्टकार्ड टाकलं होतं, त्यात अर्धा मजकूर लस आणखी पाठवा असा होता.

आणि जिल्ह्याचा आकडा भराभर वर चढला. जिथे तिथे बाळं दगावत होती, म्हणजे कागदावर दगावू लागली होती. आमचा जिल्हा राज्याच्या कामगिरीच्या यादीत एकदम खाली गेला. वर्षाच्या शेवटी साहेबांना मुंबईला बोलावणं आलं आणि त्यांनी मला सोबत घेतलं. मोठ्या टेबलापलीकडे तीन माणसं बसली होती. मी तक्ते उघडून समजावलं की मृत्यू वाढले नाहीत, लिहिणं वाढलं आहे. 

मधल्या अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "म्हणजे आधी पाठवलेले आकडे खोटे होते?"

मी साहेबांकडे पाहिलं. बडे बाबू, टपाल, केंद्रं, नर्सबाई, कोणाच्याही माथी मारता आलं असतं.

"चुकीचे होते," साहेब म्हणाले. "खाली सही माझी आहे."

 मग त्या अधिकाऱ्यानं चहा मागवला आणि लशीच्या साठ्याबद्दल विचारायला सुरुवात केली. साहेबांना शिक्षा झाली नाही. बढतीही बरीच वर्षं झाली नाही, पण त्याचा या गोष्टीशी संबंध होता की नाही, ते मला कधी कळलं नाही. आकडा दोन-तीन वर्षं वरच राहिला. मग सातव्या-आठव्या दिवसाची दाटी विरळ होऊ लागली, आधी उमरेडकडे, मग सावनेरकडे. सावनेरचा तक्ता तेव्हाही उशिराच येत होता.