गणपा नावाचा फॉल्ट

जगातल्या प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि प्रत्येक कारणाला नंबर देता येतो, असं आमच्या वीज मंडळाच्या मुंबईतल्या मुख्य कचेरीने कॉम्प्युटर घेतल्यावर ठरवलं. कर्जत सबस्टेशनच्या नोंदींवरून कारणांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. झाडाची फांदी. पक्षी. वीज पडणे. मग 'गणपा'. पुन्हा 'गणपा'.

"हे काय?" मी ऑपरेटर म्हात्रेंना विचारलं.

"पळसदरीची लाइन ट्रिप होते. म्हंजे आपोआप बंद पडते. परत स्विच मारला की टिकते, काय सापडत नाय. त्यो गणपा."

गणपा आमचा लाइनमन. त्याच लाइनच्या एका खांबावर शॉक लागून गेला होता.

"अहो, पक्षी हा प्रकार झाला. आज हा कावळा, उद्या दुसरा. गणपा एकच माणूस. त्याचा प्रकार कसा करायचा?"

"एकच हाय, पण सारखा येतो ना!"

गणपाचा धाकटा भाऊ शिवराम दारात उभा होता. तोही लाइनमन. "सायेब, त्येवढं नाव काढा. वैनी बाजारात गेली की लोक इचारतात, दादला काल किती वाजता आलता म्हणून."

नाव खोडणं सोपं होतं. त्या जागी लिहायला कारण हवं होतं. नोंदी पुन्हा पाहिल्या. सगळे 'गणपा' धुक्याच्या सकाळचे.

पुढच्या धुक्याला मी आणि शिवराम लाइनखालून चालत निघालो. खांब अचानक समोर उभे राहत. गणपा गेला त्या खांबापाशी आम्ही थांबलो. वरून कुजबुज येत होती, कुणी दात आवळून बोलावं तशी. तारेपाशी निळसर उजेड हलत होता. माझी डिग्री त्या वेळी काही कामाला आली नाही.

शिवराम वर बघत हळूच म्हणाला, "दादा, उतर रं आता."

लाइन बंद करवून तोच वर चढला. तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला केसाएवढी चीर होती. धुक्याने ती ओली झाली की वीज तिथून गळायची. कारणाच्या रकान्यात नाव लिहून झालेलं असल्यामुळे आजवर कुणी वर पाहिलंच नव्हतं.

इन्सुलेटर बदलला. ट्रिपिंग थांबलं. मी 'गणपा' खोडून 'इन्सुलेटर तडकणे' लिहिलं. पण म्हात्रेंनी कच्ची यादी आधीच मुंबईला पाठवली होती.

काही महिन्यांनी तिकडच्या सुट्या भागांच्या भांडारातून विचारणा आली: 'गणपा' या प्रकारचे किती नग साठ्यात ठेवावेत?

मी कळवलं: एकच होता, वारला.

पुढच्या छापील यादीत नाव कायम होतं. त्यापुढे लिहिलं होतं: शिल्लक शून्य.