टॉकीजच्या मैदानातले मामा

कोणी उभं दिसलं की शेजारची जमीन तळहातानं थोपटायची आणि म्हणायचं, "सरका जरा, जागा लय हाय." एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. भरल्या गाडीत आणखी माणसं कोंबायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. अख्खं ताडकळस त्याला मामा म्हणायचं. निम्म्या गावाला बाराखडी मी शिकवली, मला मात्र सगळे गुरुजीच म्हणतात. आता तुम्हीच सांगा, जळायला एवढं पुरे नाही का?

बाजारामागे बिनछताची जुनी टॉकीज होती. ती बंद पडली आणि आत वेड्या बाभळी माजल्या. पडद्याची पांढरी भिंत तेवढी शाबूत होती. तिथं वाचनालय व्हावं, ही कल्पना माझी. ग्रामसभेत मी तासभर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ कुऱ्हाड घेऊन तिथं हजर.

"काय करायलाव मामा?" येणारेजाणारे विचारायचे.

"बसायला जागा करायलोय. या, धरा ही फांदी."

आणि लोक धरायचे! माझ्या बायकोनंही धरली. मी चहा मागितला की "थांबा जरा", आणि मामाला मात्र किटली भरून चहा, वर खारी. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

बघता बघता मैदान मोकळं झालं. संध्याकाळी बायका शेंगा सोलत बसू लागल्या, पोरांची कबड्डी सुरू झाली. मी रुसून तिकडं फिरकलोच नाही. तर यानंच तिकिटाच्या खोलीत फळ्या ठोकल्या आणि निरोप धाडला, "गुर्जी, पोरं पुस्तकं मागायलेत, तुमी या." म्हणजे माझ्याच वाचनालयाचं मला आमंत्रण!

उद्घाटनाला मी हट्टानं मंडपवाल्याकडून खुर्च्या आणवल्या. पण या टॉकीजला यायचं ते बसायला घरून पोतं घेऊन, हे गावाच्या अंगात मुरलेलं. सगळे पोती घेऊनच आले आणि खुर्च्यांच्या पुढं बसले, बाया डावीकडं, बाप्ये उजवीकडं. सिनेमाच्या काळात बाया-बाप्यांच्या मधे असलेली आडभिंत कधीच पडली होती, तरी ती हद्द कोणी ओलांडेना. मामा बरोबर मधोमध. खुर्च्यांवर मी आणि सरपंच. थोड्या वेळानं सरपंचही खाली उतरले.

गेल्या उन्हाळ्यात मामा झोपेतच गेला. शोकसभा त्याच मैदानात झाली. बोलायला अर्थातच मी. पडद्याच्या भिंतीपुढं उभा राहिलो, तर पार रस्त्यापर्यंत माणसं. लांब पोखर्णी गावाहूनही आलेली. माझ्यापुढं एवढी माणसं आयुष्यात जमली नव्हती, आणि तीही त्यानंच जमवलेली. खोटं कशाला बोलू, त्या घडीलाही हेवा वाटला. भाषण तोंडपाठ होतं, पण त्याचं नाव घ्यायला गेलो आणि हुंदकाच फुटला. भाषण तिथंच संपलं. शेवटी बायकोनं येऊन हाताला धरून खाली बसवलं.

गुरुजींचं तेवढं एकच भाषण चांगलं झालं, असं गाव अजून म्हणतं.