कप बघणाऱ्या बाई

चहाचा ट्रे समोर आला की माणूस आपला कप उचलतो. बाई आधी दुसऱ्यांचे कप बघायच्या. कोण ट्रेमधला नेमका एकच कप शोधतोय, कुणाचा चहा मागाहून वेगळा येतोय, सून कुणाच्या हातात कप देताना डोळ्यांनी खुणावतेय. मग पदरानं कपाळ पुसत अगदी सहज विचारायच्या, "आप्पा, तुमचा बिनसाखरेचा का वो?"

झालं! आप्पा पकडले गेले. कारण आत्ताच तर त्यांनी छातीवर हात मारून सांगितलेलं असायचं, "आपल्याला कायबी झालेलं न्हाई. ठणठणीत!"

बाई विमा विकायच्या. म्हाताऱ्या माणसांचा, हॉस्पिटलच्या खर्चाचा, आणि तोही दुसरा. म्हणजे असं, की मुलगा कंपनीत असला तर कंपनीच्या पॉलिसीत आईबापाचं नाव असतं, पण तिची रक्कम लवकर संपते. त्यापुढचं बिल ही दुसरी पॉलिसी उचलते. बाई दोन वाक्यांत सांगायच्या, "पहिली टाकी रिकामी झाली की दुसरीचा कॉक सोडायचा. पन दुसरी टाकी आधी बसवून ठिवावी लागती, तहान लागल्यावर न्हाई."

आधी त्या कवठे येमाईच्या बाजूला अंगणवाडी सेविका होत्या. रिटायर झाल्यावर दौंडला मुलाकडं आल्या. मुलगा रेल्वेत. घरी बसवेना म्हणून हे काम घेतलं. स्कूटीवर बसून दौंड आणि शिरूर, दोन्ही तालुके पालथे घालायच्या. वस्तीत शिरताना "जय भीम", मळ्यात शिरताना "रामराम", आणि दोन्हीकडं पुढचं वाक्य एकच, "आजार सांगा, सही मागनं."

मी दौंडच्या एका खासगी हॉस्पिटलात कॅशलेसच्या, म्हणजे विम्यातून बिल भागवायच्या खिडकीवर बसते. मी काही फार गोड बोलणारी बाई नाही. त्या खिडकीवर गोड राहताच येत नाही. तुम्हीही कधी अशा खिडकीसमोर उभे राहिला असाल तर आतल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्याच असतील. घाला. पण आत बसून आम्ही काय बघतो ते सांगते. म्हातारा आयसीयूत असतो, मुलगा खिडकीला चिकटलेला असतो आणि विम्याचा दावा नामंजूर होऊन येतो. कारण काय, तर आजार जुना होता आणि घेताना सांगितला नव्हता. एजंटानं विचारलेलंच नसतं. सगळ्या रकान्यांत "नाही, नाही, नाही" लिहून तो मोटारसायकलवर पसार झालेला असतो. आणि विचारलं तरी आपले म्हातारे सांगतात थोडेच! आजार म्हणजे जणू चोरीचा माल, पाहुण्यासमोर काढायचाच नाही.

म्हणून बाई चहाच्या वेळेलाच जायच्या.

यवतला एक ढाबेवाले मामा होते. त्यांना बाईंची ही युक्ती कुणीतरी आधीच सांगून ठेवलेली. मामांनी मुद्दाम साखरेचा चहा मागवला आणि बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून घटाघटा पिऊन टाकला. बाईंनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि म्हणाल्या, "मामा, आजून एक हुन जाऊ द्या की." मामांनी मिशीला ताव देत दुसराही घेतला. "मामा, बासुंदी बी चांगली असती म्हनं तुमच्याकडची," असं बाईंनी म्हणायला आणि आतून मामी धावत यायला एकच गाठ पडली. "आवो, मराल की! सकाळी सुई टोचून घेतलीया न्हवं!" बाईंनी शांतपणे पिशवीतून पेन काढलं. हे मला खुद्द मामीनंच सांगितलं, पोट धरून हसत.

माझं माहेर मांडवगण फराट्याचं. तिथं माझे चुलते, त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. सोसायटीचे चेअरमन, शब्दाला वजन, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या रानातला गडी थांबायचा. आबांचा मुलगा कंपनीत, म्हणजे पहिली टाकी होती. दुसरी बसवावी म्हणून मीच बाईंना घेऊन गेले. आबांना शुगर आहे आणि एकदा छातीत दुखलं होतं, हे आम्हा घरच्यांना माहीत. पण सोसायटीची निवडणूक तोंडावर, आणि "म्हातारा थकला" असं विरोधकांच्या कानावर गेलं की संपलं, ही आबांची भीती. बाहेर एक शब्द काढायचा नाही अशी घरात तंबी.

ओसरीवर चहा आला. आम्हाला फुलाफुलांचे कप. आबांना स्टीलचा पेला, मागाहून, वेगळा. आणि बाईंना एक कडेला टवका उडालेला, बिनकानाचा कप. तो कप मी ओळखला. लहानपणापासून तो आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला असायचा, आणि कुणासाठी असायचा हे न सांगता सगळ्यांना कळायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी तो कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आबा, माझा कप वेगळा का, त्ये मला ठावं हाय. तुमचा का वेगळा, तेवढं सांगा."

आबांचा चेहरा लालबुंद झाला. "पॉलिसीबिलिसी काय नको आमाला. या तुमी."

बाई उठल्या. अंगणातल्या नळावर गेल्या, रीतीप्रमाणं आपला कप आपणच धुतला, कोनाड्यात पालथा घातला आणि "येते आबा" म्हणून स्कूटीला किक मारली.

मी मागं बसलेली. भीमेचा पूल आला. मग न राहवून म्हणाले, "बाई, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. न येऊन कसं चालंल? पन राग आला म्हून म्हाताऱ्याला मरू देऊ व्हय?" आणि थोड्या वेळानं, वाऱ्यात ओरडून, "कप बगायची खोड माज्या आईची, बरं का! ती घरोघर कामाला जायची. कप कुठून काढला त्याच्यावरनं तिला घरातली मानसं कळायची. मी फकस्त शुगर वळखते!" आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मला वाटलं, विषय संपला. पण बाई एकट्याच परत मांडवगणला गेल्या. ओसरीवर न जाता थेट गोठ्यात, आबा म्हशीला चारा टाकत होते तिथं. म्हणाल्या, "आबा, हितं कुनी न्हाई. मला सांगू नका. म्हशीला सांगा, मी आपली उभी ऱ्हाते हितं." आबांनी बराच वेळ चारा पुढं-मागं केला. मग म्हशीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "शुगर हाय. छातीत बी दुखलं हुतं एकदा. आता निवडनुकीआधी बोंबलू नगंस." बाईंनी सगळं लिहून घेतलं. हप्ता थोडा वाढला, जुन्या आजारांच्या बिलासाठी काही वर्षं थांबा असं कंपनीनं कळवलं. आबा कुरकुरले, पण दर वर्षी भरत राहिले. नूतनीकरणाला बाई जात राहिल्या, चहा पीत राहिल्या, कप धूत राहिल्या.

थांबायची वर्षं सरली आणि पुढच्याच हंगामात आबा आमच्याच हॉस्पिटलात आले. हृदयाच्या शिरा तुंबल्या होत्या. स्टेंट टाकले, त्यात छातीत पाणी झालं, मुक्काम लांबला. पहिली टाकी तळाला गेली. दुसऱ्या पॉलिसीवाल्यांचा प्रश्न आला, नेहमीचाच: हा आजार आधीपासून होता का, आणि घेताना सांगितला होता का? रोज दुसऱ्यांसाठी हा प्रश्न वाचणारी मी, त्या दिवशी बाईंनी भरलेला फॉर्म उघडून बसले. होता, आणि सांगितला होता. दुपारी मंजुरी आली. मी खिडकी बंद करून रडून घेतलं. बाहेर रांगेत कुणीतरी ओरडत होतं, ओरडू दिलं.

बाई भेटायला आल्या तेव्हा आबा उशीला टेकून बसले होते. आवाज पार खोल गेलेला. म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं वाचलो."

"माज्यामुळं न्हाई. म्हशीमुळं," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर आबा मला म्हणाले, "बाईंना घरी जेवायला बोलवायचंय. पंगतीला. उसाची तोड तेवढी हुन जाऊ दे." मला त्याचा अर्थ कळला. आबांनी आयुष्यात वस्तीतल्या कुणाला असं बोलावलं नव्हतं. तोड झाली. मग घरातलं एक लग्न निघालं, मग बोअरचं काम. मी फोनवर आठवण करायची आणि आबा म्हणायचे, "व्हय व्हय, बोलवू की."

बाई एका दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. ना अॅडमिट, ना बिल. स्वतःची पॉलिसी त्यांनी इतकी वर्षं भरली आणि एकदाही वापरली नाही. लोक विचारायचे, बाई, हिचा फायदा काय? तेव्हा त्या म्हणायच्या, "फायदा झाला न्हाई तर लई चांगलं." तसंच झालं. मला मात्र अजिबात चांगलं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

पुण्यानुमोदनाला दौंडच्या त्यांच्या वस्तीत मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, चार जण बोलले. यवतच्या मामी डोळे पुसत बसल्या होत्या. तेवढ्यात गाडी थांबली आणि काठी टेकत आबा उतरले. टोपी, धुतलेलं धोतर. मांडवातली माणसं बघत राहिली. आबांनी फोटोला फूल वाहिलं आणि सगळ्यांच्यात खुर्चीवर बसले.

बाईंची सून चहा घेऊन आली. जरा बिचकतच म्हणाली, "आबा, चहा चालंल का?"

"दे की बाई," आबा म्हणाले, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं. "बिनसाखरेचा दे. मला शुगर हाय."

सून आत गेली आणि नवा चहा करून घेऊन आली. "कप संपलेत आबा. आत्यांच्या कपात आनलाय." बाईंना ती आत्या म्हणायची.

आबांनी तो कप दोन्ही हातांत धरला. शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मग काठी घेऊन उठले आणि मांडवाच्या कडेच्या नळाकडं निघाले. सून मागं धावली, "आबा, ऱ्हाऊ द्या, मी धुते!"

"त्या धूत हुत्या की आमच्यात," आबा म्हणाले. त्यांनी कप आतून-बाहेरून धुतला, उपरण्यानं पुसला आणि ट्रेमध्ये बाकीच्या कपांशेजारी ठेवला.