सेठींच्या छतातली ठकठक

चहा घ्या आधी. हा किस्सा कोरड्या घशाने ऐकण्यासारखा नाही, आणि सांगण्यासारखा तर मुळीच नाही! एक चार मजली इमारत मी एकट्याने, खुर्चीवर बसल्या बसल्या, जवळजवळ रिकामी करवली होती. तीही कुणाची? बाबांच्याच सोसायटीची!

नव्वदीतली गोष्ट आहे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही नोएडात आलो. आजूबाजूला नुसती वाळू, विटा आणि अर्धवट खांब. बाबांनी पीएफचा सगळा पैसा त्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये घातला होता आणि वर सोसायटीचे सेक्रेटरीही झाले होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोब्बर खाली सेठी अंकल आणि आंटी.

तेव्हा घरोघरी नवीन केबल आलेली. त्यावर एका केसाळ माणसाला बेस गिटार वाजवताना पाहिलं आणि मी वेडा झालो. ही म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिच्यात एक प्रकार असतो, स्लॅप. अंगठ्याच्या हाडाने तार अशी ठोकायची की धप्पकन बोलली पाहिजे! मी गिटार आणली. बाबांनी एकच अट घातली.

"शेजाऱ्यांची एक तक्रार आली, की ही वस्तू या घरात दिसणार नाही."

मी काय कच्चा होतो? दिल्लीच्या पालिका बाजारातून हे एवढाले हेडफोन आणले. कानाला लावले की आवाज फक्त मला. जग शांत!

अडचण होती ती अंगठ्याची. मारायचा चौथ्या तारेवर, लागायचा तिसरीवर. कधी दोन्हींवर, कधी नुसताच लाकडावर. आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाने माघी गणेश जयंतीला मला स्टेजवर दोन मिनिटं दिलेली! माझे गुरू जोसेफसर, एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे. ते म्हणाले, "मिलिंद, अंगूठे को मत देख. एड़ी से गिन. एड़ी और अंगूठा एक साथ गिरना चाहिए. धीरे धीरे, रोज एक घंटा, एक ही सुर."

झालं! रोज संध्याकाळी पाच ते सहा. डोळे मिटायचे, हेडफोन चढवायचे, टाच आणि अंगठा, टाच आणि अंगठा. जानेवारीची थंडी होती, फरशी बर्फासारखी. आई दारातून ओरडायची, "अरे, पायात काहीतरी घाल!" म्हणून मी मामाने पाठवलेल्या कोल्हापुरी घालून बसायचो. नव्या कोऱ्या, टाच कशी दगडासारखी!

हो, आलं ना तुमच्या लक्षात? मला नाही आलं. हसू नका.

आठवड्याभरात सेठी अंकल वर आले. चेहरा पांढराफटक.

"पाटणकरजी, छत में से ठक ठक की आवाज आती है. मुझे तो लगता है, पिलर बैठ रहा है!"

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ठेकेदाराने वाळूच जास्त घातली, ही शंका त्यांना पहिल्यापासून होती. मला म्हणाले, "जा, खाली जाऊन ऐक जरा."

मी गेलो. दहा मिनिटं छताकडे कान लावून उभा. काही नाही!

"अभी तो आ रही थी यार!" अंकल म्हणाले.

मी वर आलो, हेडफोन चढवले. दहाच मिनिटांत अंकल पुन्हा दारात. पुन्हा मी खाली. पुन्हा चिडीचूप! तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी आंटींनी माझे दोन्ही हात धरले.

"बेटा, तू आता है तो आवाज बंद हो जाती है. तेरे पैर बड़े शुभ हैं!"

आता घ्या! रोज पाच वाजता मला खाली बोलावणं. मी सोफ्यावर बसायचं, आंटींनी गोभीचे पकोडे तळायचे आणि छताने गप्प राहायचं. मला काय, मी खात होतो. मीही मनातून थोडा मानायला लागलो होतो हो, असेल बुवा आपल्यात काहीतरी!

पण रियाज बुडाला, अंगठा पुन्हा तिसऱ्या तारेवर जायला लागला. मी एक दिवस खाली गेलो नाही आणि आवाज दुप्पट जोरात आला म्हणे! तळमजल्यावरच्यांनी मुलंबाळं माहेरी पाठवली. एकाने फ्लॅट विकायला काढला. बाबा जेवेनासे झाले. भिंतींवरून हात फिरवत फिरायचे आणि आईला म्हणायचे, "आयुष्यभराची कमाई गं. चूक झाली माझी." ते ऐकून मला भडभडून यायचं. मी त्या ठेकेदाराला मनोमन काय काय शिव्या दिल्या!

शेवटी बाबांनी त्यांच्या जुन्या ऑफिसातले इंजिनियर कुलकर्णीकाका आणले. काकांनी फर्मान काढलं, "सगळे रोजच्यासारखे वागा. मी सेठींकडे बसून ऐकतो."

बाबा मला म्हणाले, "मिलिंद, तू आज खाली पाऊल टाकू नकोस. तू आलास की आवाज बंद होतो."

मी आज्ञाधारक मुलगा. खाली गेलो नाही. खोलीत गेलो, दार लोटलं आणि म्हटलं, बरं झालं, आज निवांत रियाज!

काय सांगू, त्या दिवशी काय हात बसला होता! डोळे मिटलेले, मान हलतेय, टाच पडतेय. बऱ्याच वेळाने कुणीतरी बघतंय असं वाटलं, म्हणून डोळे उघडले.

दारात बाबा. बाबांच्या मागे कुलकर्णीकाका. त्यांच्या मागे सेठी अंकल, आंटी, त्यांच्याही मागे जिन्यापर्यंत सोसायटी! मला वाटलं, ऐकायला आले! मी हसून हेडफोन काढले.

कुणी गिटारकडे बघतच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर.

"मिलिंद," बाबा अगदी हळू म्हणाले, "पाय उचल. आता खाली आपट."

ठक!

देवा! मी असा हादरलो, की पाय परत उचलायचंसुद्धा सुचेना. पकोडे आठवले. ते शुभ पाऊल आठवलं. ठेकेदाराला दिलेल्या शिव्या आठवल्या. धरणी दुभंगली असती तर बरं, पण ती इमारत इतकी पक्की निघाली!

कुलकर्णीकाकांनी ठोक्यांच्या वेळा टिपलेली वही दाखवली. "अहो, एकेका ठोक्यात तिळाएवढा फरक नाही. मला तर वाटलं, कुठेतरी मोठं मशीन बसवलंय."

आता गिटार गेली, मी ओळखलं. पण बाबा मटकन पलंगावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे घर पडत नाहीये?" एवढंच म्हणाले. मग हसायला लागले ते थांबेचनात! गिटार राहिली. कोल्हापुरी मात्र जप्त झाल्या.

माघी गणेश जयंतीला स्टेजवर गणपतीची मूर्ती, त्यामुळे सगळे अनवाणी. खाली जाड सतरंजी. टाच टेकतेय की नाही, कळेचना! पहिला ठोका तिसऱ्या तारेवर, दुसरा लाकडावर, तिसरा कुठे गेला देव जाणे. पुढे सगळं मंडळ आ वासून बसलेलं!

आणि मग पहिल्या रांगेतून, आम्ही मुद्दाम बोलावलेले सेठी अंकल उठून उभे राहिले आणि भर कार्यक्रमात ओरडले,

"ओए, ये नहीं बेटा! चप्पल पहन के बजा! वो वाला बजा, जो हमारे यहाँ आता था!"