सात नंबरचा प्लॉट

आमच्या डोंगरावरच्या वनस्पती संशोधन केंद्रात चौकटकाका म्हणून एक गृहस्थ होते. खरं नाव फक्त हजेरीपटावर, आणि तो मीच टाईप करायचो म्हणून मला ठाऊक. काखेत मीटरभर लांब-रुंद लाकडी चौकट, तिच्यावर दोऱ्यांनी आखलेली शंभर घरं, अशा थाटात ते रोज उतारावर निघत. चौकट झुडपांवर आडवी धरायची आणि किती घरांत हिरवं दिसतं ते मोजायचं. शंभरातली चाळीस हिरवी, तर आच्छादन चाळीस टक्के. हंगाम संपला की त्या वर्षीचे कोवळे शेंडे कापायचे, कागदी पिशव्यांत भरून भट्टीत वाळवायचे आणि वजन करायचं. जमिनीने वर्षभरात काय पिकवलं ते त्या वजनावरून कळे.

वीस प्लॉट, अकरा वर्षं, आणि काकांनी एक आकडा फुगवला नाही. एकदा गारांनी एक प्लॉट पार झोडपून काढला, हिरवं पान उरलं नाही. मी आपला म्हणालो, "एखादा टक्का टाका की, बरं दिसेल." काका असे खवळले! "नसेल तर शून्य लिहायचं. जो शून्याला लाजतो, तो उद्या पन्नासही खोटे लिहितो!"

ही खोड घरीही सुटेना. जावई पहिल्यांदा जेवायला आला, तर काकांनी त्याच्या डोक्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "तीस टक्के. पुढच्या हंगामात पंचवीस." जावयाच्या घशात घास अडकला. काकू म्हणाल्या, "आधी स्वतःचं मोजा. दोन घरं भरली तरी नशीब." काकूंसमोर बोलून आजवर कुणी निभावलेलं नाही.

तर, सगळे प्लॉट चाळिशीच्या आसपास रेंगाळत असताना सात नंबर ब्याऐंशी टक्क्यांवर गेला. शेंड्यांचं वजनही दुप्पट. केंद्राच्या प्रमुख मॅडम हरखून गेल्या. या झुडपांची जातच काही वेगळी आहे, असा त्यांनी मोठा लेख लिहिला, आणि सोमवारी तो एका परिषदेत वाचायला त्या निघणार होत्या. शुक्रवारी आम्हा दोघांना नकाशा दाखवून म्हणाल्या, "बघा, सातच्या वर फक्त हा मोठा खडक. तिथलं पाणी सरळ खाली उतरतं. पण खडकातून कसलं खत येणार?"

काकांचा चेहरा पडला.

बाहेर आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. हसू आवरत मी म्हणालो, "गप्प बसा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकेन रे. आकडा कसा झाकू?" असं म्हणून ते परत आत गेले. दार अर्धवट उघडं होतं आणि माझे कान पूर्ण.

"मॅडम, सात नंबरला खत पडतं."

"कोण घालतं?"

"मी. रोज. जेवण झालं की." काका खाकरले. "अख्ख्या उतारावर आडोसा त्या खडकामागेच आहे हो."

"अकरा वर्षं?"

"सुट्ट्या वजा जाता."

मॅडमनी चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "जा तुम्ही." काकांनी चौकट माझ्या टेबलाला टेकवून ठेवली, भट्टीच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली आणि घरी गेले. त्यांना गप्प बसायला सांगितलं याची मला लाज वाटली, ती अजून वाटते.

सोमवारी मॅडम कुठेही गेल्या नाहीत. गुरुवारी त्यांनी काकांना बोलावलं. "सात नंबर वगळलाय. तुम्हाला वगळलेलं नाही. असे खरे आकडे आता मी दुसरीकडे कुठे शोधू?" काकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मॅडमनी कपाटातून मापाच्या रेघा असलेलं एक मोठं भांडं काढलं. "पण एवढी वाढ होत असेल, तर ती नीट मोजायला नको? एकवीस नंबरचा नवा प्लॉट आखलाय. रोज किती, ते मोजून ओतायचं आणि लिहायचं."

पहिल्या दिवशी आम्ही तिघं उतारावर गेलो. काका भांडं घेऊन खडकामागे गेले. मॅडम आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभे, माझ्या हातात वही. वारा बोचत होता. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला.

"झालं का हो काका?" मी ओरडलो.

मग काका बाहेर आले, कान लाल, भांडं कोरडं. मॅडम दुसऱ्याच डोंगराकडे बघू लागल्या. मी हळूच पुटपुटलो, "शंभर मिली लिहून टाकू का?"

काकांनी माझ्या हातातून वही हिसकावली आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: प्लॉट एकवीस, दिवस पहिला, शून्य.