चार मागांची आत्या

आमच्या गावात गुपित टिकत नाही, पण त्याचं खापर बायकांवर फोडू नका. दोष मागांचा आहे.

दोन डोंगरांच्या मधे अंग चोरून बसलेलं आमचं गाव. मधून नदी, नदीकाठी कापडाची गिरणी आणि दोन्ही उतारांवर कामगारांची घरं, खिडक्या समोरासमोर. विणकाम खात्यात माग असे धडधडतात की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला काही कळत नाही. म्हणून आम्ही ओरडायच्या भानगडीत पडत नाही. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, जरा सावकाश, जरा ठसठशीत. समोरची ते वाचते. ही सवय घरीही सुटत नाही. या काठावरची सासू त्या काठावरच्या मैत्रिणीला खिडकीतून सांगते, ‘आज पुन्हा दूध उतू घालवलं हिनं’ आणि नेमकी तीच सून पुलावरून येताना ते वाचते. मग काय विचारता! ज्याला खरंच काही लपवायचं असतं तो भिंतीकडे तोंड करून बोलतो, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून काय बोलत होता याचीच चर्चा रंगते.

माझी आत्या या बोलण्यात पट्टीची. बुटकी, कमरेला कात्री लटकवलेली, केसांत सदा कापूस. एकटी चार माग सांभाळते. इकडे तुटलेला धागा जोडते, तिकडे धोट्यात सुताची कांडी भरते आणि त्याच दमात तीन रांगांपलीकडच्या बाईची फिरकी घेते. मुकादम पाठमोरा झाला की त्याची अशी हुबेहूब नक्कल करते, की हसून हसून आमचे धागे तुटतात.

माझी आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. तिच्या लग्नाचं ‘बघू पुढं’ करता करता माझं लग्न झालं, बाबा गेले, आणि आत्या घरात एकटी उरली. तसं तिला म्हणायची मात्र सोय नाही. लगेच अंगावर येते. “एकटी कसली? चार माग आहेत की!”

आणि मग आले निळेभाऊ. रंगखात्यातले कारागीर. कोपरापर्यंत हात निळे, म्हणून निळेभाऊ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोनेक वर्षांपूर्वी बाहेरगावाहून इथं नोकरीला आले. रंगखातं खाली, शांत जागी. तिथं ओठ वाचायची कुणाला गरज पडत नाही. रंगवलेल्या सुताची गाडी ढकलत ते आमच्या खात्यात यायचे. सूत उतरवायला कितीसा वेळ लागतो? पण आत्याच्या मागापाशी आले की यांचं सूत काही संपायचं नाही. तीनदा घरीही आले. तिन्ही वेळा चहा प्यायले, हवेबद्दल बोलले आणि उठून गेले. मनातलं बोलायची वेळ आली की बिचाऱ्यांची जीभ टाळूलाच चिकटायची.

“अगं, मग तूच विचार की,” मी आत्याला म्हटलं.

“मी? शोभतं का या वयात?” म्हणाली खरी, पण गाडीची चाकं दारात दिसली की केसांतला कापूस झटकायची. मी काय आंधळी आहे?

अशात बातमी आली, की निळेभाऊंना मुलानं शहरात राहायला बोलावलंय. महिनाअखेर जाणार. त्या संध्याकाळी आत्यानं घासलेली भांडी पुन्हा घासली. “जाईनात का! मला काय त्याचं?” म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं! जन्मभर दुसऱ्यांची घरं सावरली हिनं, आणि हिच्या दारात आलेलं माणूस तोंड न उघडता परत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी निळेभाऊ आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. आत्याच्या समोर उभे राहिले आणि चक्क ओठ हलवायला लागले! घरी आरशासमोर उभं राहून शिकले होते म्हणे. त्यांचा हिशोब असा, की एवढ्या गोंगाटात, आवाजच काढला नाही, तर कुणाला कळणार? अहो, विणकाम खात्यात! भर पाळीत!

‘मला शहरात जायचं नाही,’ त्यांचे ओठ म्हणाले. ‘तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?’

सगळ्या खात्यानं वाचलं. आणि आमच्या बायका, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांनी एकजात माना खाली घातल्या. माझी शेजारीण तर धडक्या कापडात तुटलेला धागा शोधायला लागली. मला त्या क्षणी सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले.

आत्या लालबुंद झाली. पण सरळ ‘हो’ म्हणेल तर ती आत्या कसली! भुवया वर, कमरेवर हात, बोट नाचवत सुरू झाली, ‘इतके दिवस तोंडात बोळा कोंबला होता का? महिनाअखेरची वाट बघत होतात? करेन की! का नाही करणार?’

झालं! निळेभाऊ आरशात बघून बोलायला शिकले होते. दुसऱ्याचे ओठ वाचायला त्यांना कुठं येत होतं? त्यांना दिसली ती एक चिडलेली बाई. चेहरा पार उतरला. मान खाली घालून त्यांनी गाडी वळवली आणि दाराकडे निघाले.

आत्या मागांच्या मधल्या बोळातून धावली, ओरडली. पण पाठमोऱ्या माणसाला ओठ दिसत नाहीत आणि त्या धडधडाटात हाक पोचत नाही. ते दारापाशी पोचलेसुद्धा.

शेजारणीनं आपले माग बंद केले. मी माझे केले. मग पुढची रांग, मागची रांग, खटाखट सगळे माग थांबले आणि अख्ख्या खात्यात आत्याचा आवाज दणाणला, “अहो, हो म्हणतेय मी! हो! हो!”

मुकादम धावत आला. “काय झालं? वीज गेली का?” त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

आत्या जागच्या जागी थिजली होती. माझ्याकडे वळली. आता एवढी शांतता होती, तरी तिच्या तोंडून आवाज फुटेना. नुसते ओठ हलले, ‘ऐकलं ना गं त्यांनी?’

“ऐकलं,” मी म्हणाले. “बघ, गाडी तिथंच टाकून परत येतायत.”